एका क्रियापदाची बखर

सरकारी कामकाजाच्या इंग्रजीत काही क्रियापदे अशी आहेत की, वाचताना डोळा त्यांच्यावरून नुसता घसरत जातो. ‘रिलॅक्स’ हे त्यांतलेच एक. नियम ‘रिलॅक्स’ करावा किंवा करू नये, वयोमर्यादा ‘रिलॅक्स’ करण्यास मंजुरी असावी किंवा नसावी, अशा टिपणांखाली ज्यांनी आयुष्यभर सह्या केल्या, त्यांस या शब्दाची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. आम्हीही त्यांतलेच. महाराष्ट्राबाहेर नोकरीची बहुतेक वर्षे काढली आणि हा शब्द किती वेळा लिहिला याची गणती ठेवली नाही. तथापि एक प्रसंग मनातून जात नाही, आणि त्याच्यापायीच हा शब्द मुळापासून पाहावा असे आम्हांस वाटू लागले.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका साध्या जागेसाठी आलेल्या अर्जात उमेदवाराचे वय ठरलेल्या मर्यादेहून अकरा दिवसांनी अधिक भरत होते. मर्यादा शिथिल करण्याचा अधिकार त्या कार्यालयास होता. अट इतकीच होती की, कारणे लेखी नमूद करावीत. आम्ही टिपण लिहिले : ‘पूर्वोदाहरण उपलब्ध नाही. नियम शिथिल करण्याचे प्रयोजन दिसत नाही.’ वरिष्ठांनी सही केली आणि फाईल बंद झाली. पुढे दप्तर लावताना तीच फाईल हाती आली, तेव्हा अर्जाच्या दुसऱ्या पानावर उमेदवाराने उशिराचे कारण लिहिलेले दिसले. अंथरुणास खिळलेल्या वडिलांच्या शुश्रूषेत त्याची तीन वर्षे गेली होती. ते पान आम्ही वाचलेच नव्हते. असो. त्या टिपणातील क्रियापदाचा इतिहास आता सांगतो.

लॅटिन भाषेत ‘लाक्सुस’ म्हणजे सैल, ऐसपैस. त्यावरून ‘लाक्सारे’ म्हणजे सैल करणे, आणि ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेलाक्सारे’. इंग्रजीत हा शब्द आला तो प्रथम वैद्यकाच्या आणि शरीराच्या संदर्भात. आखडलेला अवयव, घट्ट झालेला पदार्थ मोकळा करणे, अशा अर्थाने. सारक औषधास इंग्रजीत जे नाव आहे, तेही याच घराण्यातले. परंतु या कुळाचा विस्तार त्याहून फार मोठा आहे. लॅटिन ‘लाक्सारे’ फ्रेंचमध्ये जाऊन ‘लेसे’ झाले, म्हणजे सोडणे, होऊ देणे. तेथून इंग्रजीत आलेला ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा. जमीन आपल्या हातून काही काळ दुसऱ्याच्या हाती सोडणे. ‘रिलीज’ म्हणजे सुटका. शिकारी कुत्र्याला बांधावयाची दोरी ती ‘लीश’; आणि गंमत अशी की, बांधण्याच्या या साधनाला नाव मिळाले ते ती सैल सोडता येते म्हणून. जिभेवर मागे राहिलेली चव तो ‘रेलिश’. इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द ‘स्लॅक’ हादेखील याच कुळाचा दूरचा भाऊ समजला जातो.

या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. दोरी आहे आणि ती धरणारा हात आहे. हात ढिला पडला की काय होईल, हे मात्र दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय बांधले आहे, यावर अवलंबून. कोणी सुटेल, कोणी पडेल. इतिहासाने या क्रियापदाची ही दोन्ही रूपे पाहिली आहेत, आणि त्यांतले अधिक भयंकर रूप आपल्या गोमंतकात पाहिले आहे.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव पुष्कळांच्या परिचयाचे असेल. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५५४च्या सुमारास मुंबईचे बेट त्याला वार्षिक खंडावर दीर्घ मुदतीने मिळाले होते; इंग्रज इतिहासकार या व्यवहाराला ‘लीज’ म्हणतात. आज कोट्यवधींच्या किमतीने मोजली जाणारी ती भूमी एका वैद्याच्या पट्ट्यात होती. ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू. पोर्तुगालात धर्मांतराची सक्ती झालेल्या या लोकांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि ते आतून जुनाच धर्म पाळतात की काय, या संशयाचा शोध घेणे हे इन्क्विझिशनचे एक मुख्य काम होते. गोव्यात हे न्यायासन १५६० साली आले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारीना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. ओर्ता मात्र मरूनही सुटला नाही. त्याच्यावर मरणोत्तर खटला झाला आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली.

आता या शिक्षेचे त्या न्यायासनाच्या भाषेतील नाव पाहा. अशा आरोपीस ‘रेलाशादो’ म्हणत. ‘रेलाशार’ हे आपल्या क्रियापदाचे पोर्तुगीज रूप होय. आरोपीला ‘ऐहिक सत्तेच्या बाहूकडे रिलॅक्स’ केले, अशी ती भाषा, आणि या खटल्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथांतही हेच क्रियापद उतरले आहे. ज्याला प्रत्यक्ष जाळावयाचे तो देहाने ‘रिलॅक्स’ झालेला. जो मेला किंवा पळाला आणि ज्याची प्रतिमा जाळावयाची, तो प्रतिमेने ‘रिलॅक्स’ झालेला. असा शब्द का? तर चर्चने रक्त सांडू नये, असा धर्मसंस्थेचा दंडक. म्हणून न्यायासन कोणालाही मारीत नसे. ते केवळ आपली पकड सैल करी, आणि आरोपीला सरकारच्या हाती देताना दयेने वागविण्याची विनंतीही करी. पुढे चिता पेटे, ती सरकारची. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, इतकेच काय ते घडले, असे कागद म्हणत.

शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य या न्यायासनाच्या तुरुंगात होता. १२ जानेवारी १६७६ रोजी गोव्यात जो शिक्षा-जाहीर-समारंभ झाला, त्यात त्यालाही चालविण्यात आले. गॅलीवर पाच वर्षांची मजुरी त्याच्या वाट्याला आली. पुढे मायदेशी परतल्यावर १६८७ साली त्याने आपली हकीकत प्रसिद्ध केली. आरोपींना घालावयाच्या झग्यांचे वर्णन तीत आहे. ज्याला जाळावयाचे, त्याच्या झग्यावर ज्वाळा आणि सैतान रंगविलेले असत. ज्याने अखेरीस कबुली दिली आणि जो आगीतून वाचला, त्याच्याही झग्यावर ज्वाळाच असत, पण त्यांची टोके खाली वळलेली. एका चित्राची दिशा पाहून आयुष्य वाचले की गेले, हे समजत असे. हे सारे मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर घडत होते. गोव्यातील हे न्यायासन मध्यंतरी काही वर्षे बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि अखेर १८१२ साली कायमचे उठले. या इतिहासावर अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ज्यांनी तो वाचला नसेल, त्यांनी अवश्य वाचावा.

याच काळात युरोपच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमध्ये, हे क्रियापद नेमके उलट काम करीत होते. तेथे कर्ज न फेडणाऱ्याविरुद्ध राजाज्ञा निघे. बाजारचौकात तीन वेळा शिंग फुंकून त्याला राजद्रोही पुकारीत. या रीतीला ‘शिंगावर चढविणे’ असेच म्हणत. ज्या आज्ञेने हे बंधन उतरे, तिचे कायद्यातील नाव होते ‘लेटर्स ऑफ रिलॅक्सेशन’. ती मिळाली की मनुष्य पुन्हा समाजात मोकळेपणी वावरू शके. गोव्यात ‘रिलॅक्स’ झालेला मनुष्य चितेकडे जाई, एडिंबरोत ‘रिलॅक्स’ झालेला घरी येई. शब्द एकच होता. फरक इतकाच की, एकीकडे मनुष्याला सोडून दिले होते आणि दुसरीकडे त्याच्यावरचे बंधन सोडले होते.

मनुष्य तसाच ठेवून नियम सैल करावयाचा, ही कल्पना राज्यकारभारात शिरली, तेव्हा निराळाच प्रश्न उभा राहिला. नियम सैल करणारा हात कोणाचा? इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सने सांगितले, राजाचा. कॅथलिकांस सरकारी व लष्करी अधिकारपदांपासून दूर ठेवणारा कायदा १६७३ पासून होता. राजाने आपल्या मर्जीतील कॅथलिकांस त्यातून मोकळे करण्यास आरंभ केला. गॉडन विरुद्ध हेल्स या १६८६ मधील खटल्यात न्यायाधीशांनी राजाचा हा अधिकार मान्यही केला. पण दोनच वर्षांत राजाला देश सोडून पळावे लागले, आणि १६८९च्या हक्कांच्या सनदेत पार्लमेंटने कायदा स्थगित करण्याचा आणि राजा अलीकडे वापरीत होता तसा सवलती देण्याचा अधिकार बेकायदा ठरविला. विशिष्ट माणसासाठी नियम सैल करणे ही दया असू शकते आणि मेहेरबानीही असू शकते. राजाच्या हातात ती मेहेरबानी होते, हा त्या भांडणाचा धडा.

आमच्या मते आपल्या सेवानियमांतील तो सुपरिचित परिच्छेद या धड्याचाच दूरचा वंशज आहे. अखिल भारतीय सेवांसाठी १९६० साली केलेल्या अवशिष्ट बाबींच्या नियमांत असे आहे की, एखाद्या नियमामुळे एखाद्या प्रकरणी अवाजवी हाल होत असतील, तर केंद्र सरकार तो नियम न्याय्य रीतीने शिथिल करू शकते. भरतीच्या नियमांत बहुधा आणखी एक अट असते : कारणे लेखी नमूद करावीत. राजाने कारण सांगितले नाही, म्हणून त्याचा अधिकार गेला. आपण कारण लिहितो, म्हणून आपणांस तो मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली आर. आर. वर्मा यांच्या प्रकरणात शिथिलीकरणाचा हा अधिकार वैध ठरविला. कोणतीही नियमावली सर्व प्रसंग आधी ओळखू शकत नाही, म्हणून ही मोकळीक असावी लागते, पण ती लहरीने वापरावयाची नसते. पुढे १९९२ साली सय्यद खालिद रिझवी यांच्या प्रकरणात न्यायालयाने रेषाही आखली : सेवेच्या शर्ती शिथिल करता येतील, भरतीच्या मूलभूत शर्ती मात्र या कलमाच्या आधारे करता येणार नाहीत. शिथिलीकरण हा विषय घटनेपर्यंतही पोहोचला आहे. पदोन्नतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट शिथिल करण्यास १९९६ साली न्यायालयाने मनाई केली. तेव्हा २००० साली ८२वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद ३३५ला त्यासाठी परंतुक जोडण्यात आले. म्हणजे एका क्रियापदासाठी संसदेला बसावे लागले.

परंतु सामान्य रयतेला नियम सैल होण्याची खरी गरज भासली ती सेवेत नव्हे, साऱ्यात. या बाबतीत आपल्या भाषेला कोणाकडून शब्द उसने घ्यावे लागले नाहीत. सूट, माफी, तहकुबी, ढील, सवलत, मोकळीक हे शब्द सारखे नाहीत, आणि जुना कारकून त्यांत कधी गफलत करीत नसे. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. देणे डोक्यावर राहतेच. सूट म्हणजे देणे तितके कमी झाले. माफी म्हणजे ते गेलेच. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला आरंभी कमी आणि मग वर्षावर्षाने वाढता सारा लावीत, त्याला इस्तावा म्हणत. दोरी एकदम न ताणता हळूहळू ताणण्याची ही विद्या होय.

इंग्रजी अमदानीत ही विद्या आटली. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही, हे सरकारचे धोरण होते. या तत्त्वाचे फ्रेंच नाव ‘लेसे-फेर’, म्हणजे ‘करू द्या’. आणि त्यातील पहिला शब्द पुन्हा त्याच ‘लाक्सारे’चा मुलगा. व्यापाऱ्याची दोरी सैल सुटली होती, पण दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी आवळून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इतक्यावर आणली गेली. दख्खनमधील मजुरांनी कामे सोडून त्याचा निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८९६च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून रयतेला हेच समजावून दिले की, दुष्काळाचे नियम सरकारनेच केलेले आहेत आणि त्यांतली सवलत मागणे हा गुन्हा नव्हे, हक्क आहे. १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. नियमातील ढील ज्याची त्याला ठाऊक नसावी, यातच सरकारची सोय होती.

खेड्याचा १९१८चा सत्याग्रह तर सर्वस्वी या एका प्रश्नाभोवती फिरला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षाची वसुली पूर्ण तहकूब व्हावी, असा नियम मुंबई इलाख्यात होताच. रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, वर आहे. म्हणजे भांडण नियमाशी नव्हते, अंदाजाशी होते. अखेर ज्यांना शक्य आहे त्यांनी भरावे आणि गरिबांस तहकुबी मिळावी, असे ठरले. पण गरीब कोण, हे ठरविण्याचा रयतेचा हक्क प्रत्यक्षात उतरला नाही, आणि म्हणूनच या शेवटाने गांधीजींचे समाधान झाले नाही. दोरी सैल झाली, पण हात तोच राहिला.

आपल्या भाषेने या कल्पनेला दिलेले मुख्य नाव ‘शिथिल’. हा शब्द ‘श्रथ्’ या सैल होण्याच्या धातूवरून आला. ऋग्वेदात त्याचे ‘शिथिर’ हे रूप आढळते. प्राकृतातून येताना त्याची दोन अपत्ये मराठीत स्थिरावली. एक ‘ढिला’ आणि दुसरा ‘सढळ’. पाहा कसे आहे : त्याच शिथिलतेतून एका वाटेने ढिला कारभार निघाला आणि दुसऱ्या वाटेने सढळ हात. एक दोष, दुसरा गुण. पतंजलीनेही आसन साधण्यासाठी ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगितले आहे. तेथे शैथिल्य म्हणजे आळस नव्हे, अनावश्यक ताण सोडणे होय.

राज्यकारभारास स्वभाषेचे शब्द असावेत, ही दृष्टी शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशापासूनची. महाराष्ट्राबाहेरही ती जिवंत राहिली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध करून एकेका इंग्रजी शब्दाला अनेक भारतीय भाषांतील पर्याय दिले. परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने तो कोश एकदा तरी चाळावा. आजच्या शासकीय मराठीत ‘नियम शिथिल करणे’ पक्के रुळले आहे, आणि २०२० साली महामारीची टाळेबंदी आल्यावर ‘निर्बंध शिथिल’ हे शब्द घराघरांत पोहोचले. काय उघडणार, कधी उघडणार आणि कोणासाठी, हे लोक रोज सकाळी त्या एका शब्दाखाली शोधीत होते.

इंग्रजीत मात्र या क्रियापदाने विसाव्या शतकात आणखी एक वळण घेतले. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने १९२९ साली स्नायूंच्या क्रमशः शिथिलीकरणावर ग्रंथ लिहिला, आणि पाच वर्षांनी सामान्य वाचकांसाठी त्याच विषयाचे पुस्तक काढले. सैल करावयाची वस्तू आता बाहेर राहिली नाही. मनुष्याने स्वतःलाच सैल करावयाचे. आज आपली नातवंडे आपणांस ‘रिलॅक्स’ असे सांगतात, ते याच अर्थाने. त्याच्याही आधी, १८६७ साली, मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने पदार्थाच्या ‘शिथिलनकाला’ची कल्पना मांडली होती. पदार्थावर आलेला ताण हळूहळू ओसरतो आणि प्रत्येकाला त्यासाठी आपापला वेळ लागतो. वायूला क्षणमात्र, डांबरासारख्या पदार्थाला फार अधिक. कचेऱ्यांनाही आपापला शिथिलनकाल असतो, असे आमच्या एका सहकाऱ्याने म्हटले होते. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आता पुन्हा त्या फाइलीकडे वळतो. इतका प्रवास केल्यावर एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आम्हांस नोकरीत असतानाच ध्यानात यावयास हवी होती. नियम शिथिल करण्यास कारण लिहावे लागते. शिथिल न करण्यास लिहावे लागत नाही. ‘पूर्वोदाहरण नाही’ हे कारण नव्हे, ती केवळ नोंद होय. राजाच्या लहरीपासून रयतेला वाचविण्यासाठी जी लेखी कारणाची अट आली, तिच्या आड बसून आपण आपली लहर चालविली, तर कोणी जाब विचारीत नाही. गोव्याच्या न्यायासनाशी आमच्या टिपणाची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण मनुष्याला आपल्या टेबलावरून सोडून द्यावयाचे आणि पुढे जे होईल ते आपले नव्हे म्हणावयाचे, ही सवय कोठून सुरू होते, हे आम्हांस त्या अकरा दिवसांनी दाखविले.

तो उमेदवार पुढे कोठे गेला, हे आम्ही शोधले नाही. त्यानंतरच्या सेवाकाळात आम्ही एक नियम मात्र स्वतःपुरता केला आणि तो कधी शिथिल केला नाही. अर्ज नामंजूर करण्याचे टिपण लिहावयाचे असले, तर आधी त्याचे दुसरे पान वाचावयाचे, आणि नकाराचेही कारण लिहावयाचे. जे वाचक अद्याप सेवेत आहेत, त्यांच्या मेजावर आजही अशी एखादी फाईल असेल. तिचे पान उलटण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.